पातेरा जाळू नका

आज दिवसभर मळ्यात होतो. भात कापून मोकळ्या झालेल्या कुणग्यात कुळीथ छान वर आलाय, निव्वळ जमिनीतल्या ओलीवर. विहिरीजवळच्या वाफ्यांत लाल माठ, मुळा, वांगी आहेतच. आज चवळी टोकली, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं ‘कोकण सदाबहार’ वाण. थंडीत लावा, उन्हाळ्यात लावा, साधारण ६० दिवसांत हाती येतं.

कोकणात कडाक्याची थंडी नाही, त्यामुळे बारा महिने काही ना काही पिकतं. अडचण मातीची. ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस जांभ्या मातीतलं सत्त्व धुऊन नेतो, आणि मार्चनंतर तीच माती तव्यासारखी तापते. तिला पांघरूण लागतं. आंब्या-फणसाखालचा पातेरा, म्हणजे गळलेला सुका पाला, वाफ्यांवर जाड पसरला की ओल टिकते, पुढे तोच कुजून खत होतो. तरी गावात संध्याकाळी ढीग पेटतात. जीव तुटतो बघून! आज शेजारच्या काकूंकडे मागितला, तर म्हणाल्या, “ने बाबा, सगळाच ने. झाडायचे कष्ट वाचले.” टोपल्या भरभरून आणला.

पावसाळ्यासाठी गावठी तवशाचं (मोठ्या काकडीचं) बी कोणाकडे असेल तर कळवा. माझ्याकडे पडवळाचं आहे, बदल्यात देईन.