टीव्हीत फॉल्टच नव्हता

२०२१ ची दिवाळी नुकती झाली होती, भाऊबीज होऊन दोन-तीन दिवस झाले असतील, आणि दुकानात फोन आला. "काका, आज्जीच्या टीव्हीवर नुसत्या मुंग्याच यायलाल्यात, या की एकदा." निपाणीत, म्हणजे कर्नाटकात पण महाराष्ट्राच्या हद्दीला लागून, आमचं टीव्ही रिपेअरीचं दुकान आहे, वडिलांच्या काळातलं. ज्या गावातनं फोन आला ते सात-आठ किलोमीटरवर, आणि घर माझ्या चांगलं ओळखीचं, कारण तिथला अँटेना वडिलांनी बसवलेला, रामायण सुरू व्हायच्या जरा आधी म्हणजे १९८७ च्या सुरुवातीला, आणि मी बारा वर्षांचा, खाली पाईप धरून उभा.

आज्जी विड्या वळते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात पानं, आणि समोर टीव्ही. संध्याकाळी सातच्या मराठी बातम्या ती कधी चुकवत नाही. लॉकडाऊनमध्ये २०२० च्या मार्चला रामायण परत लागलं तेही तिनं ह्याच अँटेनावर बघितलं, घरात चार मोबाईल असताना.

माझ्या आधी एकजण येऊन गेला होता हे गेल्यावर कळलं. त्यानं ट्यूनर, म्हणजे सेटमधला स्टेशन पकडणारा भाग, गेलाय म्हणून सांगितलं, ट्यूनर बदलला, आठशे रुपये घेतले, आणि मुंग्या होत्या तशाच, तर म्हणाला सेटच जुना झालाय, एलईडी घ्या. मला असल्या माणसांचा फार राग येतो. मीटर न लावता पार्ट बदलायचा, आणि बदलूनही चालेना तर गिऱ्हाइकाच्या वस्तूलाच नाव ठेवायचं. विड्या वळून आठशे रुपये जमवायला किती दिवस लागतात ते त्या घरात बसून तरी कळायला पाहिजे होतं त्याला.

मी बॅक कव्हर काढलं. एकवीस इंची पिक्चर ट्यूबचा सेट, आत धूळ आणि तंबाखूचा वास. आधी एव्हीला, म्हणजे अँटेना सोडून थेट चित्र-आवाज घेणाऱ्या सॉकेटला, डीव्हीडी प्लेयर लावला, चित्र झकास, आवाज झकास, म्हणजे पुढचं सगळं ठीक. मग ट्यूनरच्या पायांवर मीटर, सप्लाय बरोबर, बँड (स्टेशनांचा पट्टा) बदलला की व्होल्टेज बदलतंय, सर्च लावला की ट्यूनिंगचं व्होल्टेज शून्यापासून तीस-बत्तीसपर्यंत सुरळीत चढतंय. एजीसी, म्हणजे सिग्नलची ताकद आपोआप सांभाळणारं व्होल्टेज, बघितलं. पिशवीतला खात्रीचा ट्यूनर टाकून बघितला. मुंग्याच.

म्हणजे अँटेना. कौलावर चढलो. बूस्टरला, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या डबीला, खालून करंट येत होता, बूस्टर उघडला तर आत मुंगळ्यांचं घर, साफ केलं, तरी बूस्टर बदलून बघितला. डायपोलची, म्हणजे अँटेनाच्या सिग्नल घेणाऱ्या मुख्य नळीची, पट्टी वायर कडक होऊन चिरली होती, नवीन टाकली. मग घरी पाठवून माझा साडेपाच इंची ब्लॅक अँड व्हाइट पोर्टेबल मागवला, बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा. जुने मेकॅनिक हाच घेऊन वर चढायचे, खालच्या माणसाला "आलं का, आलं का" ओरडत बसायला नको. तो थेट अँटेनाला जोडला. काही नाही.

इथं मला कळायला पाहिजे होतं, आणि हेच अजून डोक्यातनं जात नाही. मुंग्या-मुंग्यांत फरक असतो. स्टेशन अगदी मरतुकडं असलं तरी सर्च करताना त्याच्यावरनं गेलं की खर्र आवाज जरा दबतो, मुंग्या विरळ होतात, कुठंतरी आडवी सावली हलते. इथं बँडच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत आवाज सारखा, मोकळा, कुठंच अडत नव्हता. आपल्याला सवय अशी की फॉल्ट असणार तो पेटीत नाहीतर वायरीत, आणि मी तीन तास तिथंच शोधत राहिलो.

खाली आलो आणि पाईप फिरवायला गेलो, तेव्हा भिंतीकडं लक्ष गेलं. त्या घराचा पाईप कौलातनं खाली पडवीत उतरवलेला, खाली सॉकेटमध्ये उभा, आणि कमरेच्या उंचीवर आडवी सळई वेल्ड केलेली, हँडलसारखी. वर केबलला वडिलांनी मुद्दाम एक वेढा ढिला सोडलेला, म्हणजे अर्धा फेरा फिरवला तरी ताण बसू नये. आणि भिंतीवर ऑइल पेंटनं दोन अक्षरं, एका बाजूला म, दुसऱ्या बाजूला क. ती मात्र १९८७ ची नव्हेत, नव्वदनंतर घरात सून आली तेव्हाची. सून गोकाककडची, तिला कन्नड पाहिजे, आज्जीला मराठी. हँडल म कडं आणलं की अँटेना उत्तरेला महाराष्ट्रातल्या केंद्राकडं, क कडं आणलं की दक्षिणेला आपल्याकडच्या केंद्राकडं, तिथनं बेंगळूरचे कार्यक्रम. आमच्या भागात बोर्डावरच्या भाषेवरनं काय काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. ह्या घरात सात वाजता पाईप म वर यायचा आणि बातम्या झाल्या की सून क वर न्यायची, पंचवीस-तीस वर्षं. भिंतीला चुना दरवर्षी लागतो, पण ती दोन अक्षरं सोडून.

म वर काही नाही, क वर पण काही नाही. दोन्हीकडची दोन केंद्रं एकाच वेळी कशी काय जातील? तेव्हा डोक्यात आलं आणि मी एका अण्णांना फोन लावला. ते अशाच एका रिले केंद्रावर टेक्निशियन होते, आता रिटायर आहेत. म्हणाले, "अरे बंद केली की ती. ॲनालॉग, म्हणजे हे जुन्या पद्धतीचं अँटेनावरचं, सगळंच बंद करायलाल्यात, टप्प्याटप्प्यानं. तुला माहीत नाही?"

मला माहीत होतं. पेपरात वाचलं होतं की दूरदर्शन चालवणारी प्रसार भारती जमिनीवरचे ॲनालॉग ट्रान्समीटर ३१ मार्च २०२२ पर्यंत जवळजवळ सगळे गुंडाळणार, मोक्याच्या जागचे थोडे सोडून. वाचलं आणि विसरलो, कारण आमच्या धंद्यात अँटेनाचं काम येऊन वर्षं झाली होती. आणि आज्जीला सांगणार कोण? सातच्या बातम्यांसाठी अजून कुणीतरी पाईप फिरवतंय हे कुणाच्या यादीत असणार?

अण्णा मग बराच वेळ बोलत राहिले, मीही ऐकत राहिलो. एका खोलीत दोन ट्रान्समीटर, शंभर-शंभर वॅटचे, एक चालू, एक तयार. बाहेर जाळीची डिश, उपग्रहावरनं दिल्लीचं उतरवायचं आणि टॉवरवरनं परत सोडायचं. शंभर वॅट म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बाएवढी ताकद, तेवढ्यावर आसपासचे पंधरा-वीस किलोमीटर. १९८३ ला इन्सॅट-१बी उपग्रह वर गेला आणि १९८४ मध्ये देशभर असली केंद्रं धडाधड उघडली, काही महिने तर दिवसाला एक ह्या हिशोबानं. त्याच वर्षी जुलैत हम लोग मालिका सुरू झाली, आणि आमच्या वडिलांनी रेडिओचं दुकान टीव्हीचं केलं.

त्याच्या आधी आम्ही सगळ्यांच्याच टोकाला होतो. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ ला सुरू झालेली गोष्ट मुंबईला यायला २ ऑक्टोबर १९७२ उजाडला, पुढच्या वर्षी सिंहगडावरनं पुण्याला, बेंगळूरला १९८१. वडील एक गोष्ट नेहमी सांगायचे की शेजारच्या विजापूरकडच्या खेड्यांनी आपल्या आधी टीव्ही बघितला, आणि ते खरं आहे, १९७५-७६ ला अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरनं सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत वर्षभर कार्यक्रम दाखवले होते त्यात तिकडची खेडी होती. आम्ही मात्र मधल्यामध्ये. उत्तरेकडचं केंद्र आमच्यापासून चाळीस किलोमीटरच्या घरात, म्हणजे त्याच्या हिशोबाच्या बाहेर. नकाशावर जो गोल काढतात त्यात आमची गावं नव्हतीच. तरी चित्र यायचं, कारण वडिलांसारखी माणसं तीस-तीस फूट पाईप चढवायची. मुंबईचं केंद्र चॅनल चारवर, त्याला सात फुटाची नळी लागते, आमच्याकडच्या बँड थ्रीला, म्हणजे वरच्या फ्रिक्वेन्सीच्या चॅनलना, अडीच फुटाच्या आतली. बाजारात अँटेना मिळेल तो आणायचे नाहीत ते, ॲल्युमिनियमची नळी आणून हॅक्सॉनं स्वतः कापायचे, पुढच्या काड्या एकेक इंच कमी करत, आणि पोर्टेबल समोर ठेवून काडी अर्धा इंच पुढं अर्धा इंच मागं, मुंग्या विरळ होईपर्यंत. दूरदर्शनचा इतिहास सांगताना उपग्रह सांगतात, मालिका सांगतात, एशियाड आणि रंगीत टीव्ही सांगतात. शेवटचे पंचवीस किलोमीटर कुणी ओढले ते कुणीच सांगत नाही. पोस्टात टीव्हीचं लायसन काढायला लागायचं त्या काळापासून ही माणसं कौलं फोडून शिव्या खात होती.

आज्जीला सांगितलं, आज्जी, टीव्ही चांगला आहे, अँटेना चांगला आहे, तिकडनं पाठवायचंच बंद केलंय. तिला पटेना. "आठशे घेतलेला म्हणाला टीव्ही गेलाय, तू म्हणतोस स्टेशन गेलंय. स्टेशन कसं जातंय गा?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. नातू म्हणाला, भंगारात घाला की आता, मोबाईलवर दिसतंय सगळं. ती काही बोलली नाही, पान कापत बसली.

दुसऱ्या दिवशी दूरदर्शनची फ्री डिश बसवली. डिश, एलएनबी (डिशच्या तोंडासमोरचा सिग्नल घेणारा भाग), बॉक्स, सगळं खरेदीच्या भावात, मजुरी घेतली नाही. महिन्याचे पैसे नाहीत, दूरदर्शनचं मराठी सह्याद्री आहे, कन्नड चंदना आहे, आणि दोन्ही एकाच डिशवर, आग्नेयेला तोंड करून एकदा बसवली की झालं. कौलावर दुसरा आधार नव्हता आणि वडिलांचा पाईप तीस-पस्तीस वर्षांनीसुद्धा कणखर, म्हणून अँटेना उतरवून त्याच पाईपवर डिश क्लॅम्प केली. सातला बातम्या लागल्या, निवेदिका अगदी स्वच्छ, एक मुंगी नाही. आज्जी म्हणाली, "लईच जवळ आली गा ही."

चार दिवसांनी परत फोन. दिसत नाही. गेलो तर बॉक्सवर नो सिग्नल, आणि वर डिश बघतेय दक्षिणेला. बातम्या झाल्यावर आज्जीनं उठून पाईप क वर नेला होता. सुनेनं सांगितलंच नव्हतं, आज्जीनं आपण होऊन. "तिची मालिका लागायची येळ झाली म्हणून फिरवलं, तर दोघींचंबी गेलं."

पाईप वेल्ड करावा की काय ह्या विचारात होतो, शेवटी सॉकेटमधनं आरपार भोक पाडलं आणि पाईप डिशच्या दिशेला आणून बोल्ट आवळला. ड्रिल लागताना पाईपातनं गंजाचा भुगा खाली पडला, लाल, बराच. हँडल आता म वरही नाही, क वरही नाही, दोन्हींच्या मधेच कुठंतरी. आज्जीनं विचारलं, "मग हितं काय लिवायचं?"

मी स्केचपेन घेतलं आणि वडिलांच्या म खाली सह्याद्रीचा नंबर लिहिला, क खाली चंदनाचा. रिमोटवर तेवढं दाबायचं. पण फ्री डिशचे नंबर एका जागी राहत नाहीत, वरनं बदल झाला की परत स्कॅन करावं लागतं आणि चॅनल इकडचे तिकडे होतात. मग फोन येतो, मी जातो, जुना नंबर खोडून खाली नवीन लिहितो. परवाच जाऊन आलो, क खालची जागा आता संपत आलीय.