जावा ३५० घेताना: कोटेशनपासून पहिल्या उन्हाळ्यापर्यंत

मराठवाड्यात जुन्या वळणाची भारी गाडी म्हटलं की बुलेट. त्यामुळे लातूरकडं कुणी जावा घेतो म्हटलं की दोन प्रश्न ठरलेले: “बुलेट का नाही?” आणि “रिपेअर कुठं करणार?” पहिला आवडीचा मामला. दुसऱ्याचं उत्तर मिळेपर्यंत बुकिंगचा रुपया भरायचा नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. बुलेटचा मिस्त्री तालुक्या-तालुक्याला आहे. या गाडीला सेन्सर, ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर), रेडिएटर. तिचं काम अधिकृत वर्कशॉपलाच. म्हणून शोरूम किती जवळ हे न बघता वर्कशॉप किती लांब ते बघा, आणि तिथं जाऊन काउंटरवर तीन वस्तू मागा: क्लच केबल, ऑइल फिल्टर, पुढचे ब्रेक पॅड. हातात मिळाल्या तर पुढं जा. “मागवून देतो” असं ऐकलं तर किती दिवसांत ते विचारा.

नावाचा मोह आधी बाजूला ठेवलेला बरा. म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला आणि टू-स्ट्रोक २५० तिथंच संपली. नोव्हेंबर २०१८ मध्ये महिंद्राची मोठी भागीदारी असलेल्या क्लासिक लेजंड्सनं जी जावा आणली ती फोर-स्ट्रोक, लिक्विड कूल्ड, पिथमपूरला बनणारी. जुन्या गाडीत किकचा दांडा हाच गिअरचा दांडा, नवीला बटण. ज्यांना तो दांडा आणि तो निळा धूर हवाय त्यांनी जुनीच शोधावी, नवीत ते सापडणार नाही. मात्र “सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन, नुसता देखावा” असं हिणवणाऱ्यांनी जुन्या २५० कडं एकदा नीट बघावं. तिचाही हिशेब तोच होता.

मॉडेल निवडताना नाव आणि रंगाआधी इंजिनाचे आकडे बघितले. जावा ४२ मध्ये २९४ सीसी. जावा ३५० मध्ये ३३४ सीसी, ताकद २२.५ पीएस, टॉर्क म्हणजे ओढ २८.१ एनएम. ४२ एफजे पण ३३४ सीसीचीच, पण २९.२ पीएस आणि २९.६ एनएम. म्हणजे टॉर्कमध्ये दीड एनएमचाच फरक, ताकदीत जवळपास सात पीएसचा. एफजेची जादा ताकद वरच्या आरपीएमला आहे, तिथपर्यंत इंजिन पिळावं लागतं. आमच्याकडं गळीत हंगामात उसाच्या डबल ट्रॉल्यांमागं चाळीस-पन्नासच्या वेगानं रांगावं लागतं आणि जागा मिळाली की तिसऱ्या-चौथ्यात झटकन निघावं लागतं. त्या कामाला ३५० पुरते. सोलापूर हायवेला रोजचं जाणं असेल तर एफजे. रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५० शी तुलना करायची तर ती पाच गिअरची, साधारण २०.५ पीएस आणि २७ एनएमची, निवांत चालणारी. जावाला सहा गिअर आणि लिक्विड कूलिंग. इंजिन जरा चढं, फिरवलेलं आवडणारं. बुलेटची ठकठक डोक्यात ठेवून टेस्ट राइडला गेलात तर निराश व्हाल. टेस्ट राइड दुपारी घ्या, मागं माणूस बसवून घ्या, आणि पाच-सात मिनिटं गर्दीत थांबत-निघत चालवा. रेडिएटरचा पंखा सुरू झाल्यावर गरम हवा पायाला कितपत लागते ते तेव्हाच कळतं.

चाकं: स्पोक की अलॉय? फोटोला स्पोक, वापराला अलॉय. स्पोकच्या चाकात ट्यूब असते. शेतरस्त्याला बाभळीचा काटा घुसला की ट्यूबची हवा एकदम जाते आणि चाक खोलावं लागतं. ट्यूबलेस टायर काटा तसाच धरून हळूहळू उतरतो, पंपावर हवा भरत घर गाठता येतं. स्पोक सैल पडतात, खड्ड्यानं रिम डुगते, आणि ती सरळ करणारा हात आता गावोगावी राहिला नाही. ३५० अलॉयमध्येही मिळते, मी तीच घेतली.

आता कोटेशन. इथं घाई करू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यावरच्यांना ४० टक्के. म्हणून क्लासिक लेजंड्सच्याच बीएसए गोल्ड स्टार ६५० ला फटका आणि ३३४ सीसीला फायदा. इनव्हॉइसवर सीजीएसटी ९ आणि एसजीएसटी ९ असं वेगळं दिसलं पाहिजे. रोड टॅक्समध्ये मात्र उलटी गंमत आहे: महाराष्ट्रात २९९ सीसीपर्यंत ११ टक्के, त्याच्या वर १२. किंमत दोन लाख धरली तर २९४ सीसीच्या ४२ ला २२,००० आणि ३५० ला २४,०००. टॅक्सची पावती परिवहनच्या साइटवर नंबर टाकून स्वतः बघा.

इन्शुरन्स: नव्या दुचाकीला थर्ड पार्टी पाच वर्षांची सक्तीची, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची एक वर्षाची घेतली तरी चालते. पॉलिसी शोरूमचीच घ्यावी अशी सक्ती नाही. दुसरीकडचं कोटेशन हातात असलं की आकडा खाली येतो. मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात कव्हर आधीच्या गाडीवर असेल तर परत घेऊ नका, तसं लिहून द्या. आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, एक्स-शोरूमच्या ९५ टक्के असावी. हप्ता कमी दाखवायला ती हळूच खाली ओढलेली असते. “हँडलिंग”, “लॉजिस्टिक”, “टेफ्लॉन”, “अॅक्सेसरी किट कंपल्सरी” या ओळी सरकारी खात्यात जात नाहीत. एकेक ओळीवर बोट ठेवून “याची पावती कुणाच्या नावाची?” एवढंच विचारायचं. निम्म्या ओळी आपोआप गळतात. क्रॅश गार्ड हवा असेल तर तो वेगळा घ्या, किटमध्ये नको.

गाडी पासिंगला जायच्या आधी बघायची, नंतर नाही. एकदा तुमच्या नावावर चढली की बदलून मिळणं मुश्किल. दिवसाउजेडी यार्डात जा. चेसिस नंबर स्टेअरिंगच्या नळीवरून स्वतः वाचा आणि फॉर्म २२ शी (कंपनीचा गाडी रस्त्यायोग्य असल्याचा दाखला) जुळवा. बहुतेक कंपन्यांत १७ अक्षरांतलं दहावं अक्षर वर्षाचं असतं: २०२४ ला आर, २०२५ ला एस, २०२६ ला टी. पावसात उघड्यावर उभी राहिलेली गाडी सायलेन्सरच्या जोडापाशी, साइड स्टँडच्या स्प्रिंगवर आणि नटबोल्टच्या डोक्यांवर गंज दाखवते. पांढरा रुमाल फिरवा, तांबूस डाग आला तर दुसरी गाडी मागा. बॅटरीवर मल्टिमीटर लावा. गाडी बंद असताना १२.५ व्होल्टच्या खाली असेल तर चार्ज करून घ्या, ११ वर असेल तर नवी मागा. कूलंटच्या बाटलीतली पातळी दोन रेघांच्या मध्ये हवी. नंबर प्लेट बसल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका.

रनिंग-इनमध्ये, म्हणजे नवं इंजिन रुळेपर्यंत, एकच पथ्य: वेग सतत एकच ठेवायचा नाही. आरपीएम खाली-वर होत राहिला की रिंगा सिलिंडरला नीट बसतात. सहाव्यात चाळीसला घरघर ओढणं हे पिळण्याइतकंच वाईट. पहिल्या सर्व्हिसचं ऑइल पुढं ढकलू नका, त्यात बारीक धातूचा चुरा असतो. ऑइल पुस्तकातल्या ग्रेडचं आणि डब्यावर जासो एमए२ (मोटरसायकलच्या ऑइलचं मानक) लिहिलेलंच हवं. कारच्या ऑइलनं वेट क्लच (इंजिन ऑइलातच फिरणारा) घसरतो.

उन्हाळा ही खरी परीक्षा. पारा ४२ वर गेला की पंखा वारंवार लागणारच, त्यात बिघाड काही नाही. बिघाड होतो तो मातीनं. काळ्या मातीचा चिखल रेडिएटरच्या जाळीत वाळून घट्ट बसतो, हवा जात नाही आणि इंजिन तापतं. वॉशिंग सेंटरवाल्याची प्रेशर गन जाळीवर मारू देऊ नका, पातळ पत्र्या मुडपतात. गाडी गार झाल्यावर मऊ ब्रश आणि साध्या पाइपानं, जमलं तर मागून पुढं धुवा. रेडिएटरची कॅप गरम असताना उघडायची नाही, उकळतं पाणी उसळतं. कूलंटची पातळी उतरली म्हणून बोअरचं पाणी ओतू नका. आपल्याकडच्या पाण्यातला क्षार आत थर धरतो. अडचणीत डिस्टिल्ड वॉटर चालतं, बॅटरीच्या दुकानात मिळतं, आणि पुढच्या सर्व्हिसला कूलंट पूर्ण बदलून घ्यायचं.