दोन स्पेसची दुपार

आज अख्खी दुपार दोन स्पेसनी खाल्ली. अहवाल मार्कडाउनमध्ये (साध्या मजकुरातच खुणा देऊन मांडणी करायची पद्धत) लिहीत होते. पत्त्याच्या चार ओळी एकाखाली एक हव्या होत्या, तर त्या एकमेकींना चिकटून सलग परिच्छेद! ओळ तोडायची तर शेवटी दोन स्पेस द्याव्या लागतात, हे माहीत होतं, दिल्याही होत्या. पण माझा एडिटर सेव्ह करताना ओळीच्या शेवटच्या स्पेस गुपचूप पुसून टाकतो. जे दिसतच नाही ते हरवलंय हे कळायचं कसं? शेवटी स्पेसऐवजी बॅकस्लॅश (\) दिला, तेव्हा कुठे ओळी सुटल्या.

देवनागरीची वेगळीच तऱ्हा. इंग्रजी 1, टिंब आणि स्पेस दिली की क्रमांकांची यादी होते. मराठी १ दिला की तो नुसता मजकूर!

आणि तक्ते. जॉन ग्रुबरने २००४ मध्ये मार्कडाउन आणलं तेव्हा त्यात तक्त्यांची सोयच नव्हती. नंतर ज्याने त्याने आपापल्या परीने जोडली. रकाने पाडणाऱ्या उभ्या रेघा मोजून मोजून डोळे दुखले.

तरीही वर्ड प्रोसेसरकडे परत जायचं मनात येत नाही. फाइल साध्या नोटपॅडमध्येही उघडते. शीर्षकाला एक # दिला की काम झालं, हात कीबोर्डवरून हलत नाही. गिटमध्ये (फाइलमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन) काल कुठली ओळ बदलली ते लगेच दिसतं. फॉन्ट निवडत बसायची सोय नसल्यामुळे (माझं ते व्यसन आहे) निदान लिहून तरी होतं.

अहवाल गेला एकदाचा. पत्ता नीट दिसतोय. एक तक्ता मात्र चित्र म्हणून डकवलाय, कुणाला सांगू नका.