गाईडच्या पलीकडचे पुस्तक

“काका, इंजिनात हवा आत घेणारा इनटेक आणि जळका वायू बाहेर सोडणारा एग्झॉस्ट, हे दोन्ही व्हॉल्व्ह थोडा वेळ एकदमच उघडे का असतात, हे नीट सांगणारं पुस्तक आहे का?” पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या एका दुकानात आज गॅरेजमध्ये काम शिकणाऱ्या एका मुलाने विचारले आणि त्याच्यापुढे परीक्षेचे गाईड आले.

त्यात चार स्ट्रोकची, म्हणजे पिस्टनच्या खाली-वर होण्याच्या चार टप्प्यांची, चार स्वच्छ चित्रे होती. खऱ्या इंजिनात मात्र एग्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी, पिस्टन वर पोहोचण्याआधीच इनटेक उघडू लागतो आणि एग्झॉस्ट त्यानंतर मिटतो, कारण वेगाने बाहेर पडणारा जळका वायू मागे दाब कमी करून ताजी हवा आत ओढायला मदत करतो. हे ‘का’ त्या चित्रांत कुठेच नव्हते.

ते जॉन हेवूड यांच्या इंजिनांवरच्या १९८८ च्या इंग्रजी ग्रंथात सविस्तर मिळते, पण तिथे पोहोचायला इंग्रजी, कॅल्क्युलस आणि थर्मोडायनॅमिक्स, तिन्ही यावे लागतात. व्ही. गणेशन यांचे पाठ्यपुस्तक त्या मानाने सोपे, तरी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठीच लिहिलेले.

ज्याच्या हाताला टॅपेटचे (व्हॉल्व्ह ढकलून उघडणाऱ्या भागाचे) अंतर कळते, त्याच्या प्रश्नाला पुरेल असे मराठी पुस्तक मला हवे आहे. आपल्यापैकी कुणी असे पुस्तक वाचले आहे का?