नाव नंतर

मूल्यशिक्षणाचा तास आमच्या वर्गात झोपेसाठी राखीव होता. शुक्रवारचा शेवटचा तास, त्यात सिस्टर बायबलमधली गोष्ट सांगणार. वर्गात ख्रिस्ती मुलं जेमतेम सहा, बाकी आम्ही सगळे गणपतीवाले. तरी अब्राहामाची गोष्ट लक्षात राहिली, ती माझ्या आगाऊपणामुळे.

भर दुपारी तंबूच्या दारात बसलेला म्हातारा. समोर तीन अनोळखी माणसं दिसतात आणि हा धावतच त्यांच्याकडे जातो. पाय धुवा, झाडाखाली टेका, थोडी भाकर खाऊन पुढे जा, म्हणतो. म्हणायला थोडी भाकर. आत जाऊन बायकोला तीन मापं सपीठ मळायला लावतो, वासरू शिजवायला देतो, दही-दूध आणतो. (आमची आजीही 'दोन घास खाऊन जा' म्हणायची आणि पुरणपोळीचं ताट वाढायची.) पाहुणे जेवतात तेव्हा तो जवळ उभा राहतो.

मी हात वर केला. "सिस्टर, त्याने नावंसुद्धा विचारली नाहीत? चोर असते तर?"

वर्ग हसला. सिस्टर म्हणाल्या, "नाव काय, नंतरही विचारता येतं." मला ती पळवाट वाटली.

मग २६ जुलै २००५ उजाडला. मी नववीत. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे आकडे नंतर कळले. आम्हांला कळलं ते इतकंच की लोकल बंद आहेत आणि कळव्या-मुंब्र्याच्या आम्हां पोरांना आज शाळेतच राहायचंय. अंधार पडता पडता स्टेशनकडून माणसं यायला लागली. शिपाईमामांनी विचारलं, "सिस्टर, कुणाकुणाला घ्यायचं?"

"भिजलेत ना? मग घ्या."

मी काय केलं, तेही सांगतो. दोन बाकं जोडून आडवा झालो आणि झोपेचं सोंग घेतलं. एक गृहस्थ भिजलेल्या पँटनिशी भिंतीला टेकून रात्रभर बसले. माझ्या शेजारी जागा होती.

खिचडीची घमेली आली. कोपऱ्यातल्या एका आजींनी हात जोडून नको म्हटलं. मंगळवारचा उपास. पण त्यांची नजर भांड्यांवर होती, आणि सिस्टरांनी ती ओळखली असावी. त्यांनी नवं पातेलं काढलं, आजींसमोरच दोनदा धुतलं, बटाटे उकडले आणि सुरीसकट त्यांच्यापुढे ठेवले. "आजी, तुमच्या हातानं सोला." मीठ कुठलं चालतं, तेही विचारलं. आजी खात होत्या तोवर सिस्टर बाजूला उभ्या होत्या.

झोपेचं सोंग घेतलेल्या मुलाला तेव्हा ते झाड, ती दुपार आठवली.

पुढे कधीतरी वाचलं की संत बेनेडिक्टच्या मठनियमांतलं ५३वं प्रकरण पाहुण्यांविषयी आहे: येणाऱ्या प्रत्येकाचं ख्रिस्त आला असं समजून स्वागत करावं. पातेलं दोनदा धुवा, असं काही तिथे लिहिलेलं नाही. ते सिस्टरांचं स्वतःचं.

सकाळी पाऊस उणावला. आजींनी कनवटीचे वीस रुपये काढले, सिस्टरांनी घेतले नाहीत. आजी रागावल्याच. "मग तुम्ही यायचं माझ्याकडे जेवायला. येणार ना?"

"येते की," सिस्टर म्हणाल्या. खिशातून पेन काढलं, हजेरीच्या जुन्या कागदाचा तुकडा घेतला आणि विचारलं, "आजी, नाव काय तुमचं?"