पट्टीवरचा अंगठा

बेळगावच्या उद्यमबागेत भट्टी म्हटली की लोकांना फाउंड्री आठवते, काळी वाळू आणि लोखंडाचा रस. आमची भट्टी कपाटाएवढी, आणि तिच्यात काहीच वितळत नाही. टायटॅनियम वितळायला 1668 अंश लागतात, आम्ही 450 वरच थांबतो. हाडं जोडायच्या पट्ट्या नुसत्या भाजून काढायच्या, एवढंच काम.

टायटॅनियम गंजत नाही ते अंगावरच्या ऑक्साइडच्या पापुद्र्यामुळे. तो आपोआप धरतो, पण जाडी जेमतेम 2 ते 5 नॅनोमीटर. हवेत तापवला की वाढतो आणि पट्टीवर सोनेरी झाक चढते, आणखी तापवलं तर जांभळी, मग निळी. रंग लावलेला नसतो; पावसात रस्त्यावर सांडलेलं तेल जसं रंग दाखवतं, तसलाच प्रकार. म्हणून थर कुठे कमी-जास्त झाला की रंगच चुगली करतो. भट्टीतलं तापमान मोजणारा थर्मोकपल दाराजवळ हवा की मध्ये, यावर मी आठवडाभर भांडलोय.

त्या सोमवारी चाळीस पट्ट्या काढल्या. अकरांवर निळसर डाग. भिंगाखाली धरलं तर डाग कसला, चक्क अंगठा! एकूण एक रेघ, आणि मधून आडवा गेलेला जुना कापल्याचा वण.

तो वण मी ओळखला. आमच्या मामांचा. वीस वर्षं फाउंड्रीत मोल्डिंग केलेला माणूस; पट्ट्या टायटॅनियमच्या तारेनं टांगायचं काम त्यांच्याकडे. पट्ट्या पुसून झाल्यावर त्यांना उघडा हात लावायचा नाही, घामातलं मीठ आणि तेल तिथंच भाजलं जातं, हे त्यांना मीच सांगितलं होतं. पण स्वस्तात मिळाले म्हणून हातमोजे आणले ते एकाच मापाचे. मामांच्या बोटांना ते होत नाहीत, आणि तार तर बोटांनीच वळवावी लागते.

मालक म्हणाले, "ॲसिडात बुडव आणि परत भाज की." सांगायला सोपं आहे. हायड्रोफ्लोरिक नुसता थर खात नाही, खालचा धातूही खातो. हायड्रोजन आत शिरून धातू ठिसूळ होऊ नये म्हणून नायट्रिक दहापट ठेवलं, तरी स्क्रूच्या भोकातल्या आट्यांचं माप जाणार ते जाणारच. आटे सैल झालेली पट्टी कुणाच्या मांडीत बसवायची? अकराच्या अकरा लाल खोक्यात टाकल्या.

"कुणाचा हात?" मालकांनी विचारलं.

रिपोर्टमध्ये मी "हँडलिंग" असं लिहिलं. हातमोज्यांचं लिहायला हवं होतं, तेही लिहिलं नाही. खरेदी मालकांचे भाऊ बघतात.

संध्याकाळी भिंग घेऊन बसलो होतो, तर मामा मागं येऊन उभे. "काय बघूलालास रे?"

"काही नाही मामा, डाग."

त्यांनी पट्टी उचलली, उघड्या हातानंच, आणि ट्यूबलाइटखाली तिरकी धरली. बराच वेळ बघत राहिले. मग अंगठा त्या डागावर टेकवून बघितला. नीट बसला.

मी काहीच बोललो नाही. तो पीस रिजेक्टच होता.