बायबरीला जाताय? मग छपरं नीट बघा

इंग्लंडच्या कॉट्सवोल्ड्स भागातल्या बायबरी गावात बरेच जण आर्लिंग्टन रो या जुन्या घरांच्या रांगेसमोर फोटो काढतात आणि लगेच पुढच्या गावाला निघतात. तुम्ही तसं करू नका. इथली खरी कारागिरी वळचणीच्या वर आहे.

ही घरांची रांग म्हणजे मूळचं मठाचं लोकरीचं कोठार, साधारण १३८० सालचं. सतराव्या शतकात त्याची विणकरांची घरं झाली. कापड जवळच्या आर्लिंग्टन मिलमध्ये जायचं आणि समोरच्या रॅक आयल या पाणथळ कुरणात वाळायचं.

आता छपराकडे बघा. कौलंसुद्धा दगडाचीच! वळचणीला सर्वांत मोठी, आणि आढ्याकडे जाल तशी लहान लहान होत गेलेली. जड कौलांचा भार असा खाली भिंतीजवळ राहतो, आणि खाणीतून निघालेला लहान तुकडाही वाया जात नाही. जुन्या पद्धतीत प्रत्येक कौलाला भोक पाडून ते लाकडी खुंटीने रिपेवर, म्हणजे छपराच्या आडव्या लाकडी पट्टीवर, टांगत. या कौलांच्या फटींतून पाणी आत शिरू नये म्हणून उतार चांगलाच खडा ठेवलेला असतो. या भागात छपराच्या दोन पाखी (उतरत्या बाजू) मिळतात तिथे शिशाचा पत्रा न घालता कौलंच घडवून वळवत नेत. मला तर हे काम भिंतींपेक्षाही मोलाचं वाटतं.

भिंतीचा दगड बघायला चर्चकडे जा. जवळून पाहिलं की त्यात खसखशीसारखे गोल कण दिसतात. ज्युरासिक काळातल्या उथळ समुद्रात तयार झालेला हा चुनखडक. लोहामुळे त्याला मधाचा रंग आला.

लंडनच्या पॅडिंग्टनहून केम्बलपर्यंत रेल्वेने साधारण सव्वा तास लागतो. तिथून सायरनसेस्टर हे शहर, आणि पुढे बायबरी ११ किलोमीटर. बस मोजक्याच आहेत, त्यामुळे परतीची वेळ आधी बघून ठेवा. रविवारी तर बसच्या भरवशावर निघूच नका. सकाळी लवकर पोहोचलात तर गर्दीच्या आधी निवांत बघता येतं. घरं नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेची असली तरी त्यांत माणसं राहतात. खिडकीतून आत डोकावणं, दारात बसून फोटो काढणं कटाक्षाने टाळा. रांगेच्या टोकाकडून ऑकवर्ड हिलचा चढ लागतो, तिथेही अशीच घरं आहेत आणि वर्दळ कमी असते. पकड असलेले बूट घाला, आणि छोटी दुर्बीण असेल तर जरूर न्या; आढ्याजवळची कौलं नुसत्या डोळ्यांनी नीट दिसत नाहीत.